पाणाड्याचा डावा पाय

माझ्या डाव्या पायात दैवी शक्ती होती. ती एकूण बावीस दिवस टिकली.

त्याआधी मी साधा माणूस होतो. चौसाळ्याहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावातल्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. सचिव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेबल, खुर्ची, शिपाई असं काहीतरी येतं. आमच्याकडं खुर्ची होती. टेबल म्हणजे उलटा घातलेला दुधाचा कॅन, आणि शिपाईही मीच होतो. (त्यामुळं शिपाई जागेवर नाही, अशी तक्रार मला कधी करावी लागली नाही.) सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाची फॅट काढायची, चिठ्ठीवर लिहायची आणि शिव्या खायच्या, हे माझं काम. फॅट कमी लागली की माणूस घरी जाऊन म्हशीला काही बोलत नाही, मला बोलतो! गावात माझं नावच 'फॅट' पडलं होतं.

"फॅट आला का बे?"

"आला व्हता. आता जेवाय गेलाय फॅट."

माझं वजन त्या वेळी अठ्ठेचाळीस किलो होतं. पण त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

त्या साली दुष्काळ असा पडला की लोक एकमेकांना जेवलात का विचारायच्या ऐवजी टँकर आला का विचारायचे. म्हशी आटल्या. ज्या आटल्या नव्हत्या त्यांचं दूध यायचं, पण कॅन धुवायला पाणी नाही. धुवून न घेतलेल्या कॅनमधलं दूध वर दूध संघात पोचेपर्यंत फाटायचं आणि परत यायचं. असं आणखी दोनचारदा झालं असतं तर संस्थेला कुलूपच लागलं असतं. मग आमचे चेअरमन अण्णा पेटले. अण्णा म्हणजे सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. त्यांनी ठरवलं, डेअरीच्या मागं बोअर घ्यायचा.

बोअरची गाडी आली. जागा दाखवायला वडवणीकडचा एक नामांकित पाणाड्या येणार होता. जमिनीखालचं पाणी नुसत्या नारळावर ओळखणारा माणूस! तो काही येईना. शेवटी त्याचा निरोप आला, की त्याच्याच घरी पाणी नाही, तो टँकरच्या रांगेत उभा आहे आणि नंबर सोडून येता येत नाही.

गाडीवाला घाई करायला लागला. अण्णा डेअरीच्या पुढं फोनवर ओरडत होते. मी मागं एक कुत्रं कॅनमध्ये तोंड घालत होतं त्याला हाकलायला धावलो, आणि बाभळीचा काटा चप्पल फोडून माझ्या डाव्या पायात घुसला. मी एका पायावर नाचत ओरडलो, "आई गंऽऽ! लागलं! लागलं!"

पुढून अण्णांचा आवाज आला, "लागलं?"

"लागलं ना! लई खोल लागलं!"

"किती खोल?"

"पार आरपार, अण्णा!"

"कुठं? नेमकं कुठं?"

"हितं! हितंच की!" मी पायाकडं बोट दाखवलं. पाय जमिनीवर होता. अण्णा कोपऱ्यावरून वळून आले तेव्हा माझं बोट सरळ भुईकडं होतं, डोळ्यांत पाणी होतं आणि सगळं अंग थरथरत होतं.

अण्णा दोन पावलं मागं सरले. टोपी नीट केली. हात जोडले. मग गाडीवाल्याकडं वळून गरजले, "बघतो काय बे? फक्की मार!"

मी काही बोलेपर्यंत माझ्या भोवती फक्कीच्या पांढऱ्या भुकटीचं रिंगण झालं होतं. मी लंगडत त्यातून बाहेर आलो आणि मशीन आत गेलं. एकशे नव्वद फुटांवर पाणी लागलं! आधी चिखल, मग गढूळ, मग असं फवारून आलं की गाडीवाला स्वतःची गाडी सोडून पळाला. अख्खं गाव डेअरीमागं भिजत नाचत होतं. मी भिंतीला टेकून पाय हातात घेऊन बसलो होतो. अण्णांनी मला उचललं. (अठ्ठेचाळीस किलो. त्यांना काही जड गेलं नाही.)

"अण्णा, मला काटा लागलाय हो."

"बराबर हाय," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "कुणाला नारळातून कळतं, कुणाला काट्यातून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत पहिल्या माणसानं मला 'रामराम महाराज' घातला. मला वाटलं माझ्या मागं कुणी महाराज उभे आहेत. मागं भिंत होती. मी त्याला म्हटलं, "आरं, मी महाराज-बिहाराज काय न्हाई. मला यातलं काहीच कळत न्हाई."

तो रांगेकडं वळून म्हणाला, "बघा! खरा माणूस आसंच म्हणतो."

मग मी चिडून म्हटलं, "बरं बाबा, कळतं मला!"

"बघा! कबूल केलं."

आता यावर काय करायचं? हो म्हटलं तरी महाराज, नाही म्हटलं तरी महाराज! मी गप्प बसलो, तर रांगेत कुजबुज झाली, मौन धरलंय म्हणून.

पण खरी गंमत पुढं झाली. मी त्याच्या दुधाची फॅट काढली. चांगली कमी लागली. मी सवयीनं मान खाली घातली आणि शिव्यांची वाट पाहत राहिलो. तो म्हणाला, "तुमी म्हणताल ते." पुढचाही म्हणाला, "तुमी म्हणताल ते." चौदा वर्षांत पहिल्यांदा फॅटवरून कुणी माझ्या आईबापाची चौकशी केली नाही. त्या दिवशी मी घरी गेलो तो जरा ताठ मानेनं गेलो, हे कबूल केलं पाहिजे.

घरी सुमन होती. सुमन म्हणजे आमची सौभाग्यवती, माहेर शिरूर कासार, जीभ धारदार. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आहो, डोक्यावर ठेवलेला चष्मा तुमाला सापडत न्हाई. आन जमिनीतलं पाणी सापडतंय?"

ती बरोबर बोलत होती. पण चौथ्या दिवसापासून घरात नारळ यायला लागले. जो जागा विचारायला यायचा तो नारळ घेऊन यायचा. सुमननं खोबऱ्याची चटणी केली, वड्या केल्या, मग पुन्हा चटणी केली. नवव्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो आणि ती आत शेजारणीला सांगत होती, "मला तर लग्नातच शंका आलती. सप्तपदीला ह्यांचा डावा पाय नुसता थरथर कापत व्हता." (कापत होता हे खरं. पण दोन्ही कापत होते!)

पाय सुजला होता, त्यामुळं मी लंगडत चालायचो. शेतकरी मला रानात नेत. मी चालायचो, माझ्या मागं शेतकरी, त्याच्या मागं त्याची भावकी. ढेकूळ पायाखाली आलं आणि मी 'स्स' केलं, की तिथं फक्की! असे चार बोअर झाले. दोन ठिकाणी पाणी लागलं. गावात त्या दोन ठिकाणांचीच चर्चा व्हायची. उरलेल्या दोन ठिकाणच्या मालकांना लोक म्हणायचे, तुमची काहीतरी चूक झाली असंल.

शेवटी पाय फारच ठणकायला लागला म्हणून मी चौसाळ्याला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी काटा काढला, पट्टी बांधली. परत आलो तर एसटी थांब्यावर अण्णा उभे. त्यांनी पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"काढला?"

"काढला."

"कुणाला इचारून काढला?"

आता स्वतःच्या पायातला काटा काढायला चेअरमनची मंजुरी लागते, हे संस्थेच्या कुठल्याच नियमात नव्हतं! पण अण्णांचा हिरमुसलेला चेहरा पाहून मलाच अपराधी वाटायला लागलं. सुमन तर माझ्यावर उखडलीच. "निदान डॉक्टरकडून मागून तरी घ्यायचा. तुमाला कशाचीच किंमत न्हाई."

आणि आता सांगतो ती गोष्ट मी त्या काळात कुणालाच सांगितली नव्हती. पाय दोन दिवसांत बरा झाला. लंगडणं काही गेलं नाही! नीट चालत बाहेर पडलो की लोक काळजीत पडायचे. "महाराज, पाय बरा हाय का?" असं दुःखानं विचारायचे. त्यांचं मन राखायला मी जरा लंगडायचो. मग जरा जास्त. पंधराव्या दिवसापर्यंत मी एकटा असतानाही लंगडत होतो. माझं बोलणंही तोकडं झालं. पूर्वी मी एका चहावर पाऊण तास बोलायचो. आता एखाद्यानं काही विचारलं की मी आधी लांब पाहायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "बघू." लोक त्या 'बघू'वर दोन-दोन दिवस विचार करायचे. आणि मला तळपायाला मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं, शप्पथ!

अशात विसाव्या दिवशी शिरूरहून सासऱ्यांचा फोन आला.

माझे सासरे, म्हणजे मामा, यांचं माझ्याविषयीचं मत लग्नाच्या दिवसापासून ठरलेलं होतं. पोरगी दूध मोजणाऱ्याला दिली, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मी सासुरवाडीला गेलो की मला एका पायानं डुगडुगणारी लोखंडी खुर्ची मिळायची. मला ते नावानं नव्हे, नात्यानंही नव्हे, 'अहो डेअरी' अशी हाक मारायचे. त्या दिवशी फोनवर म्हणाले, "जावईबापू, येता का?"

मी मागं वळून पाहिलं. (आता ही सवयच झाली होती.)

कारण तसंच होतं. मामांची विहीर कोरडी पडली होती. घरात दोन म्हशी, त्यांना पाजायला पाणी नाही. त्यांचा मुलगा विष्णू आणि सून रेखा, दोघं त्या वर्षी पहिल्यांदा कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार होते. शिरूरकडं निम्मी घरं दर हंगामाला कुलपं लावून जातात, पण मामांच्या घरातून आजवर कुणी गेलं नव्हतं. ट्रक तीन दिवसांनी येणार होता. बोअरला पाणी लागलं तर दोघं थांबणार होते. बोअरची गाडी मामांच्या साडूची होती. राहिली होती फक्त जागा. ती दाखवायची होती माझ्या पायानं.

सुमन म्हणाली, "आहो, हे जमंल ना? माझा भाऊ हाय तो."

मी लांब पाहिलं. डोळे मिटले. म्हटलं, "बघू."

आम्ही पोचलो तेव्हा दारात पन्नास-साठ माणसं होती. लोखंडी खुर्ची दिसली नाही. मला पलंगावर नव्या चादरीवर बसवलं. विष्णूनं पाया पडताना डावा पायच धरला. मग सुरू झालं पाणी! दुष्काळातल्या घरात पाहुण्याला पाणी देणं म्हणजे काय, ते तिथल्याच माणसाला कळतं. मामींनी राखून ठेवलेल्या माठातला तांब्या भरून दिला. शेजारच्या गोदाकाकूंनी त्यांच्या वाट्याच्या टँकरच्या पाण्याचं लिंबू सरबत केलं. तिसऱ्या घरातून ताक आलं. चौथ्यातून चहा. लोक स्वतः घोट-घोट पिऊन राहिलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी सगळं प्यालो. सगळी वस्ती समाधानानं माझ्या घशाकडं बघत होती.

मग रानात निघालो. पुढं मी लंगडत, मागं फक्कीची पिशवी घेऊन विष्णू, मागं मामा, आणि त्यांच्या मागं साठ माणसं. दहा मिनिटांत माझ्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, पायात काहीच होत नव्हतं. मुंग्या नाहीत, ठणका नाही, काही नाही. मी ढेकळांवर मुद्दाम पाय आपटून पाहिला. तो नुसता पाय होता! आणि दोन, मला जोराची लघवी लागली होती.

मी आडोसा शोधायला लागलो. बांधाकडं गेलो, साठ माणसं बांधाकडं आली. बाभळीमागं गेलो, साठ माणसं बाभळीमागं. मी चाल वाढवली. मागून कुणीतरी म्हणालं, "जोर आलाय बघा. जवळच हाय आता!" मी थांबलो की सगळे श्वास रोखून थांबायचे. रेखा पदर तोंडाशी धरून माझ्या पायाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत बघवेना.

शेवटी असह्य झालं. मी विष्णूला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात म्हटलं, "विष्णू, मला लागलीय रे."

विष्णूचे डोळे मोठे झाले. "लागली?"

"लई जोराची."

"किती जोराची, दाजी?"

"आता थांबत न्हाई बघ!"

विष्णूनं पिशवी आभाळात उडवली आणि बापाला हाक मारली. "आबाऽऽ! दाजींना लागलीऽऽ! लई जोराची हाय, थांबत न्हाई म्हणत्यात!"

सगळ्या रानात एकच कल्ला झाला. "हलू नका, दाजी! जागचं हलू नका!" माझ्या भोवती रिंगण पडलं. मी पायावर पाय दाबून उभा. अंग कापतंय, कपाळावर घाम. गोदाकाकू ओरडल्या, "आगं बया, पाय बघा कसा थरथरतोय!" (या वेळीही दोन्ही थरथरत होते. कुणी बघतच नव्हतं!) मग हळद-कुंकू आलं. उदबत्ती काही पेटेना. नारळ फुटेना. मामांनी मोठ्यानं आरती धरली आणि ती त्यांना सगळी पाठ होती! ती संपल्यावर मी जो पळालो, तो लंगडायचं विसरून पळालो. मागून टाळ्यांचा आवाज येत होता.

बोअर सुरू झाला. शंभर फूट, नुसता फुफाटा. दोनशे, फुफाटा. तीनशे, चारशे. ऊन डोक्यावरून उतरायला लागलं. पाचशेला मामांच्या साडूनं मशीन बंद केलं. साठ माणसं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी पांढरी दिसत होती. मी मान खाली घातली आणि शिव्यांची वाट पाहायला लागलो.

मग एक म्हातारा खाकरला. "जागा बराबर व्हती. मशीन वीतभर अलीकडं लावलं."

"हां! दाजी तर जरा पुढं उभे व्हते."

"नारळ लवकर फुटला न्हाई, तवाच मी वळखलं."

माझी काही चूक नव्हती! कुणाचीही असेल, पण माझी नव्हती! विष्णू म्हणाला, "दाजी, सकाळी दुसरी जागा दावा." रेखानं मान डोलावली, तिलाही खरंच वाटत होतं. ही पोरं दुसऱ्या जागेची वाट बघत बसणार, मग तिसऱ्या. खरं फक्त मला एकट्याला माहीत होतं, आणि मीही गेले काही दिवस ते विसरून बसलो होतो.

मी म्हटलं, "मामा, मला पाणी-बिणी काय कळत न्हाई. सकाळी मला पाणी लागलं नव्हतं. लघवी लागली होती."

सुमननं कपाळावर हात मारला. मामा माझ्याकडं एकटक बघत होते. पांढऱ्या चेहऱ्यात त्यांचे डोळे तेवढे लाल दिसत होते.

गोदाकाकूंनीच तोंड उघडलं. "म्हंजे पाणी व्हतं की. पर जावयात व्हतं!"

आधी विष्णू हसला, मग रेखा, मग सगळं रान. मामा शेवटी हसले, पण असे हसले की धुळीनं ठसका लागून खाली बसले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. ठसका थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "धाडस लागतं हे बोलाया. समद्यांम्होरं."

रात्रीचं जेवण कुणाला गोड लागलं नाही. कोपऱ्यात विष्णू-रेखाचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. तिकडं मला बघवत नव्हतं. सुमननं भाकरी थापता थापता एकदम हात थांबवला. "आबा, ह्यांच्या पायात काय नसंल. पर डेअरीच्या मागं तर पाणी हाय ना? विष्णू, म्हशी घे आन चल आमच्याकडं. दूध डेअरीला घाल."

एवढी सरळ गोष्ट! बावीस दिवस मी पायात शोधत होतो आणि हिनं परातीत शोधून दिली. मी अण्णांना फोन लावला. खरं काय ते सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हशी आण. बाकीचं मी ऐकलं न्हाई." ट्रक आला तेव्हा विष्णू आणि रेखा त्यात चढले नाहीत. ती दोघं दोन म्हशींसकट टेम्पोतून आमच्या गावात उतरली.

विष्णूचा हात म्हशीला चांगला. वर्षात त्याच्या चार म्हशी झाल्या, गावात सगळ्यांत जास्त दूध त्याचं. नातवंडं बघायला यावं तसे मामा दर महिन्याला म्हशी बघायला यायला लागले. शिरूरची हकीकत पसरली तसा माझा महाराजपणा गेला, नारळ बंद झाले. 'फॅट'ही गेला, कारण विष्णू मला रांगेत मोठ्यानं 'दाजी' म्हणायचा. ते सगळ्यांनी उचललं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे अण्णा मला दाजी म्हणतात. एसटीचा कंडक्टर म्हणतो, "सरका दाजी." परवा सुमनही चुकून म्हणाली आणि पदर तोंडात धरून आत पळाली!

गेल्या महिन्यात डेअरीवर नवी पोस्टमनबाई आली. हातात रजिस्टर पोस्टाचं पाकीट. "दत्तात्रय एकनाथराव कोण?"

मी आणि अण्णांनी एकमेकांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "एकनाथरावाचा... वरच्या आळीतला तो वारला का?" मी म्हटलं, "तो दगडू व्हता." आम्ही दोघांनी मन लावून आठवलं. मग मी बाईंना समजावून सांगितलं, "बाई, पत्ता चुकलाय. मी हितं जन्मापासून हाय, ह्या नावाचा माणूस गावात न्हाई." संध्याकाळी सुमननं आठवण करून दिली तेव्हा मला कळलं की माझे वडील एकनाथराव होते.

पाकीट काही परत मिळालं नाही. बाईंनी त्यावर जागेवरच शेरा मारला होता, 'सदर इसम येथे राहत नाही', आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली होती. मी झोकात केली होती: 'दाजी'.